प्रोबेशन: कोर्टात, कचेरीत आणि वर्गात

परिवीक्षा म्हणजे अखेरचा निर्णय राखून ठेवून दिलेली मुदत. या मुदतीत माणूस मोकळा असतो, पण त्याच्यावर अटी असतात, आणि त्या पाळल्या जातात की नाही हे पाहण्यासाठी कोणी तरी नेमलेले असते. कोर्टात ही मुदत गुन्हा शाबीत झालेल्याला मिळते, नोकरीत नुकत्याच निवड झालेल्याला, आणि शाळा-कॉलेजात अभ्यासात किंवा शिस्तीत घसरलेल्याला. बोलण्यात तिन्हीकडे ‘प्रोबेशन’च चालते; सरकारी कागदावर त्याची परिवीक्षा होते. नाव एक असले तरी माणसाच्या पदरात पडणारे हक्क मात्र तिन्हीकडे वेगवेगळे आहेत. चोरीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या वीस वर्षांच्या मुलाला तुरुंगात धाडायचे तर भारतातल्या न्यायाधीशाला त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. त्याच वयाच्या, कसलाही दोष नसलेल्या नव्या कर्मचाऱ्याला घरी पाठवायला मालकाला बहुतेक वेळा ‘काम समाधानकारक नाही’ एवढे तीन शब्द पुरतात.

पारखून घेण्याची ही रीत अलीकडची नाही. बौद्धांच्या विनयपिटकात परिवास नावाची व्यवस्था सांगितली आहे. दुसऱ्या पंथातून संघात येऊ पाहणाऱ्याने आधी चार महिने परिवासात राहायचे, आणि त्याच्या वागण्याने भिक्खूंचे समाधान झाले तर त्याला उपसंपदा, म्हणजे संघाची पूर्ण दीक्षा, द्यायची. एखाद्या भिक्खूने गंभीर दोष लपवून ठेवला असेल, तर जितके दिवस लपवला तितके दिवस त्यालाही परिवास भोगावा लागे. आजच्या परिवीक्षेच्या दोन्ही मोठ्या शाखा, म्हणजे नव्याने येणाऱ्याची पारख आणि चुकलेल्याची सुधारणा, त्या एका व्यवस्थेत शेजारी शेजारी दिसतात.

कोर्टातल्या आधुनिक परिवीक्षेची सुरुवात मात्र कोणत्याही कायदेमंडळाने केली नाही. ती अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातल्या जॉन ऑगस्टस या बूट बनवणाऱ्या कारागिराने केली. दारूबंदी चळवळीत तो काम करत असे. १८४१ मध्ये पोलीस कोर्टात उभ्या केलेल्या एका दारूड्याशी त्याने चार शब्द बोलून घेतले, त्याला जामीन राहिला, आणि तीन आठवड्यांनी तोच माणूस शुद्धीवर, नीटनेटका, न्यायाधीशापुढे आणून उभा केला. कोर्टाने एक सेंट दंड आणि खर्चाची रक्कम घेऊन त्याला सोडले. पुढची अठरा वर्षे, १८५९ मध्ये मरण येईपर्यंत, ऑगस्टस हेच करत राहिला. जवळपास दोन हजार माणसांना तो जामीन राहिला आणि त्यापायी त्याच्या धंद्याची वाताहत झाली. तरीही दिसेल त्याला तो सोडवत नव्हता. माणसाचा पूर्वीचा इतिहास, वय, घरची परिस्थिती आणि पुढे तो कोणाच्या संगतीत राहणार याची चौकशी करूनच तो पुढे होई, आणि नंतर कोर्टाला त्याची खबरबात कळवत राही. आजचा परिवीक्षा अधिकारी कागदोपत्री नेमके हेच करतो. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७८ मध्ये या कामासाठी पगारी अधिकारी नेमण्याचा कायदा केला. इंग्लंडचा कायदा १९०७ मध्ये आला.

भारतात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५६२ होते. पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची मुभा त्यात होती, पण त्याच्यावर लक्ष ठेवायला माणूस नव्हता. ती उणीव भरण्याचे काम प्रांतांनी हाती घेतले. मद्रासने १९३६ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९३८ मध्ये परिवीक्षेचे स्वतंत्र कायदे केले. मुंबईत त्या वेळी बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते आणि गृहखाते कन्हैयालाल मुन्शींकडे होते. मुंबईत या कायद्याला जमीनही तयार मिळाली. मुलांसाठी १९२४ चा बाल कायदा होता, त्यापाठोपाठ १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली होती, आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली होती. हीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. घरोघर जाऊन चौकशी करणारा प्रशिक्षित माणूस मिळाला नाही तर परिवीक्षेचा कायदा नुसता कागदावर राहतो, हे तेव्हाच्या लोकांना ठाऊक होते.

सगळ्या देशासाठीचा अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ मध्ये झाला. व्ही. शांतारामांचा कैद्यांच्या सुधारणेवरचा ‘दो आँखें बारह हाथ’ त्याच्या आदल्याच वर्षी पडद्यावर आला होता. त्यामुळे दोन्हींची गल्लत होते; पण चित्रपटामागचा औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरचा प्रयोग खुल्या कारागृहाचा होता. तिथले लोक शिक्षा भोगत होते. परिवीक्षेत तर शिक्षा सुनावलेलीच नसते.

हा कायदा जेमतेम १९ कलमांचा असला तरी त्याचे चार भाग नीट समजून घेण्यासारखे आहेत. कलम ३ सगळ्यांत सौम्य आहे. चोरी, फसवणूक असे काही ठरावीक गुन्हे, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा कोणताही गुन्हा, आणि माणसावर पूर्वीचा एकही दोषारोप शाबीत नाही, अशा वेळी कोर्ट त्याला समज देऊन सोडू शकते. कलम ४ हा कायद्याचा कणा आहे. देहान्त किंवा जन्मठेप होऊ शकेल असे गुन्हे सोडून बाकी कोणत्याही गुन्ह्यात कोर्ट शिक्षा न सुनावता दोषी व्यक्तीकडून जातमुचलका लिहून घेऊ शकते, हवा तर जामीनदारासह. जास्तीत जास्त तीन वर्षे चांगले वागायचे, शांतता राखायची आणि बोलावणे आले की शिक्षा ऐकायला हजर व्हायचे, असा त्याचा मजकूर असतो. कोर्टाला वाटले तर त्याच मुदतीत, निदान एक वर्ष, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीचा हुकूम करता येतो. मग कुठे राहायचे, दारूला शिवायचे नाही, अशा अटीही येतात. माणसाला किंवा त्याच्या जामीनदाराला राहण्याचे पक्के ठिकाण किंवा नेमाचा कामधंदा असला पाहिजे, हीदेखील अट आहे. वरवर साधी वाटणारी ही अट फुटपाथवर राहणाऱ्याला, हंगामी कामासाठी गावोगाव फिरणाऱ्याला फार जड जाते. ज्याला सुधारण्याची संधी सर्वांत जास्त हवी, त्याच्याच हातून ती निसटण्याचा धोका कायद्याने इथे ठेवला आहे. कलम ५ खाली पीडित व्यक्तीला नुकसानभरपाई देववता येते, म्हणजे ‘सोडून दिले’ याचा अर्थ फुकट सोडले असा होत नाही.

एकवीस वर्षांखालच्यांसाठी कलम ६ आहे. जन्मठेप होऊ शकेल असा गुन्हा नसेल, तर अशा तरुणाला कैद देण्याआधी कोर्टाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवलाच पाहिजे, आणि समज किंवा परिवीक्षा का योग्य नाही याची कारणे लिहिली पाहिजेत. मोकळीक हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, असे हे कलम म्हणते. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य या निकालात त्याचा अर्थ सढळ हाताने लावला. घरात घुसून लहान मुलीच्या विनयभंगाबद्दल दोषी ठरलेला आरोपी सोळा वर्षांचा होता, आणि खालच्या कोर्टाने शिक्षा दिली तेव्हा हा कायदा त्याच्या जिल्ह्यात लागूही झाला नव्हता. तरीही, कायदा सुधारणेसाठी आहे म्हणून त्याचा लाभ मागूनही देता येईल, असे बहुमताने ठरले.

पण वय कोणत्या दिवसाचे धरायचे? रामजी मिस्सर खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कलम ६ साठी खालच्या कोर्टाने शिक्षेचा निर्णय दिला त्या दिवशीचे वय पाहायचे, गुन्ह्याच्या दिवशीचे नव्हे. एकोणिसाव्या वर्षी गुन्हा घडला आणि खटला चार वर्षे रखडला, तर आरोपी तेवीस वर्षांचा होतो आणि कलम ६ चे संरक्षण त्याच्या हातून जाते. रखडण्याचा दोष बहुतेक वेळा त्याचा नसतोच. कलम ४ त्याला खुले राहते, पण ते कोर्टाच्या मर्जीवर आहे. अठरा वर्षांखालच्यांच्या बाबतीत बालन्याय कायदा याच्या उलट, गुन्ह्याच्या दिवशीचे वय धरतो, आणि तेच जास्त न्याय्य वाटते.

अट मोडली तर कोर्ट माणसाला परत बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकते. पहिल्यांदाच चूक झाली असेल तर मुचलका चालू ठेवून फक्त दंड करता येतो. १९५८ साली ठरवलेली त्याची कमाल रक्कम आहे पन्नास रुपये!

सगळ्याच गुन्ह्यांना ही वाट खुली नाही. अमली पदार्थांच्या कायद्याने ती बहुतांशी बंद केली आहे. अठरा वर्षांखालचे आरोपी आणि स्वतः सेवन करण्यासारखे मोजके गुन्हे एवढ्यापुरतीच फट ठेवली आहे. वाहन बेदरकार चालवून जीव घेणाऱ्या चालकांनी परिवीक्षेची आशा धरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात २००० मध्ये स्पष्ट सांगितले. स्टिअरिंगवर बसणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तुरुंगाची भीती राहिली पाहिजे, अशी त्यामागची भूमिका होती.

परिवीक्षा अधिकाऱ्याचे काम बाहेरून दिसते त्याहून किचकट असते. आरोपीच्या घरी जाणे, आई-वडिलांशी, शेजाऱ्यांशी, मालकाशी बोलणे, शाळेचा दाखला पाहणे, व्यसन आणि कर्जाचा अंदाज घेणे, आणि हे सगळे चार-पाच पानांत न्यायाधीशापुढे मांडणे हा झाला पहिला टप्पा. हा अहवाल गोपनीय असतो, मात्र त्याचा सारांश आरोपीला दाखवून त्याचे म्हणणे कोर्टाला ऐकता येते. सुटकेनंतर दुसरा टप्पा सुरू होतो: भेटी, सल्ला, आणि शक्य असेल तिथे काम मिळवून देणे. काम मिळवून देण्याचा प्रयत्न कायद्यानेच अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत घातला आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. महाराष्ट्रात हे अधिकारी गृहखात्यात किंवा तुरुंग विभागात नसून महिला व बालविकास विभागात असतात. रचनेमागचा विचार चांगला आहे, कारण दारात पोलीस आला आणि समाजकार्यकर्ता आला यात घरच्यांच्या लेखी जमीन-अस्मानाचे अंतर असते. त्याची दुसरी बाजू अशी की मुलांची निरीक्षणगृहे, दत्तकविधान, बालविवाह अशी कामेही याच विभागाच्या माणसांवर येऊन पडतात आणि मोठ्या आरोपींची चौकशी मागे राहते. अहवाल वेळेत आला नाही की वकीलही त्यासाठी हट्ट धरत नाहीत; न्यायाधीश थोडा दंड किंवा ‘भोगली तेवढी कैद’ सुनावून प्रकरण संपवतात. कायदा वापरात मागे पडण्याचे खरे कारण त्याच्या शब्दांत नसून या मनुष्यबळात आहे.

लोकांच्या बोलण्यात प्रोबेशन, पॅरोल आणि जामीन यांची सरमिसळ होते. जामीन खटला चालू असताना मिळतो. तेव्हा गुन्हा शाबीत झालेला नसतो. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या मोटार अपघातानंतर अल्पवयीन चालकाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले गेले आणि संतापाची लाट उसळली. ती अट जामिनाची होती, परिवीक्षेचा तिथे प्रश्नच आलेला नव्हता. पॅरोल आणि फर्लो या शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला मिळणाऱ्या रजा आहेत. महाराष्ट्राच्या तुरुंगांत पॅरोलला अभिवचन रजा आणि फर्लोला संचित रजा म्हणतात, आणि त्यांचे नियम १९५९ पासूनचे आहेत. परिवीक्षेत माणूस तुरुंगाचे दार ओलांडतच नाही. भारतीय न्याय संहितेने जुलै २०२४ पासून समाजसेवा ही आणखी एक वाट आणली आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा होते. ही मात्र शिक्षाच आहे.

परिवीक्षेवर सुटलेल्याला पुढे नोकरी मिळते का, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. कलम १२ म्हणते की कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या व्यक्तीला, दोषी ठरल्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता लागणार नाही. पण दोषी ठरल्याची वस्तुस्थिती पुसली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या चल्लाप्पन आणि १९९० च्या बक्षी राम या प्रकरणांत हा फरक स्पष्ट केला. सरकारी नोकर परिवीक्षेवर सुटला तरी त्याच्या वर्तनाबद्दल खाते स्वतंत्र कारवाई करू शकते. त्याचप्रमाणे नोकरीच्या अर्जात पूर्वीच्या खटल्याची माहिती विचारली असेल तर ती लपवणे महागात पडते; प्रामाणिकपणे लिहिलेल्या जुन्या किरकोळ प्रकरणापेक्षा लपवाछपवीनेच जास्त नोकऱ्या गेल्या आहेत.

अमेरिकेत ही कल्पना जिथे जन्मली तिथेच तिचे रूप बरेच बदलले. तिथे परिवीक्षा वर्षानुवर्षे लांबवता येते आणि बारीकसारीक अट मोडल्यावरही तुरुंग वाट पाहत असतो. रॅप गायक मीक मिल याला तरुणपणीच्या खटल्यातल्या परिवीक्षेच्या अटी मोडल्याबद्दल २०१७ मध्ये, म्हणजे सुमारे दशकभराने, दोन ते चार वर्षांची कैद सुनावली गेली, तेव्हा या लांबलचक देखरेखीवर देशभर चर्चा झाली. भारतीय कायद्यातली तीन वर्षांची मर्यादा त्या मानाने शहाणपणाची आहे.

नोकरीतली परिवीक्षा कोर्टातल्या परिवीक्षेच्या उलट्या टोकाने सुरू होते. इथे माणूस परीक्षा देऊन, मुलाखतीतून निवडला गेलेला असतो, आणि तरी जागा त्याची झालेली नसते. बँकेत तर पदाचेच नाव प्रोबेशनरी ऑफिसर आहे. ‘पीओ’च्या परीक्षेला बसणाऱ्या लाखो मुलांना ते नाव म्हणजे मोठी नोकरी एवढेच वाटते. स्टेट बँकेत ही मुदत दोन वर्षांची असते. राज्याच्या राजपत्रित सेवांत साधारण दोन वर्षे, त्यात विभागीय परीक्षा पास होणे आले. भारतीय प्रशासन सेवेसाठी १९५४ चे स्वतंत्र परिवीक्षा नियम आहेत: मसुरीच्या अकादमीतले शिक्षण, जिल्ह्यातले प्रशिक्षण, आणि महाराष्ट्र केडर मिळालेल्या परप्रांतीय अधिकाऱ्याला याच काळात शिकावी लागणारी मराठी. नियम १२ खाली केंद्र सरकार अशा अधिकाऱ्याला सेवेतून मुक्त करू शकते. पुणे आणि वाशीममधल्या नेमणुकांमुळे २०२४ मध्ये गाजलेल्या प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या प्रकरणात सप्टेंबरमध्ये याच नियमांचा आधार घेतला गेला.

परिवीक्षाधीन कर्मचाऱ्याला पदावर हक्क नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने पुरुषोत्तम लाल धिंग्रा प्रकरणापासून (१९५७) मान्य केले आहे. काम पाहिले, पसंत पडले नाही, निरोप दिला. यात शिक्षा नाही, म्हणून चौकशीही लागत नाही. पण शिक्षा करायची आणि वर साध्या निरोपाचे पांघरूण घालायचे, हे चालत नाही. भारतीय पोलीस सेवेतले प्रशिक्षणार्थी अनुप जयस्वाल यांचे प्रकरण त्याचा नमुना मानले जाते. हैदराबादच्या पोलीस अकादमीत सकाळच्या कवायतीला प्रशिक्षणार्थी उशिरा पोचले, त्याचा ठपका त्यांच्यावर पुढारी म्हणून आला, आणि काही महिन्यांनी त्यांना कोणतेही कारण न लिहिता सेवामुक्त केले गेले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हुकुमाच्या कोऱ्या शब्दांमागे जाऊन खरे कारण शोधले, ते गैरवर्तनाचा आरोप हेच असल्याचे ठरवले, आणि बाजू मांडू न देता काढल्याबद्दल हुकूम रद्द केला. आजही वाद याच रेषेवर होतात. असमाधानकारक कामाचा उल्लेख चालतो, पण पुढच्या मालकाच्या नजरेत माणूस उतरेल असा कलंक चौकशीशिवाय लावता येत नाही. म्हणूनच कार्यालये निरोपाचे पत्र दोन ओळींत उरकतात. कर्मचाऱ्याला काय चुकले ते कळत नाही, आणि संस्थेला मात्र कायदेशीर कवच मिळते. कायद्याचा हा न ठरवलेला परिणाम म्हणावा लागेल.

मुदत संपली आणि कोणी काहीच कळवले नाही, तर? सर्वसाधारण नियम असा की मुदत संपल्याने माणूस आपोआप कायम होत नाही. तो परिवीक्षेतच चालू राहतो. अपवाद आहे तो नियमांनी कमाल मुदत बांधून दिली असेल तेव्हाचा. त्या मुदतीपुढेही कामावर ठेवले तर कायम झाला असे धरले जाते, हे धरमसिंग प्रकरणात (१९६८) ठरले. त्यामुळे नेमणुकीच्या पत्रातले ‘लेखी कळवल्याशिवाय कायम समजू नये’ हे एक वाक्य पगाराच्या आकड्याइतकेच लक्षपूर्वक वाचायला हवे.

खाजगी क्षेत्रात तीन ते सहा महिन्यांची परिवीक्षा सर्रास असते. कारखान्यांसाठी १९४६ च्या कायद्याखाली जे नमुना स्थायी आदेश झाले, त्यांत कायम जागेवर घेतलेला आणि तीन महिने पूर्ण न झालेला कामगार म्हणजे परिवीक्षाधीन, अशी व्याख्या होती. ‘प्रोबेशनमध्ये पीएफ नसतो’ हा कार्यालयांतून ऐकू येणारा समज चुकीचा आहे. योजनेखाली येणाऱ्या कर्मचाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी रुजू झाल्या दिवसापासून लागू होतो, आणि ग्रॅच्युइटीची सेवाही पहिल्या दिवसापासून मोजली जाते. फरक पडतो तो नोटिशीच्या मुदतीत, रजांत आणि बढतीच्या हिशोबात. मुंबईच्या गिरण्यांतल्या बदली कामगाराशी याची तुलना केली तर परिवीक्षेची किंमत कळते. बदलीवाला रोज सकाळी गेटवर उभा राही आणि कोणी गैरहजर असेल तर त्याला काम मिळे. वर्षे गेली तरी कायम करण्याचा निर्णय घेण्याचे बंधन कोणावर नसे. बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून माणसांना वर्षानुवर्षे तसेच ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, असे महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यात लिहिले, ते या अनुभवातून.

शिक्षकांची परिवीक्षा महाराष्ट्रात एक स्वतंत्र प्रकरण आहे. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७७ च्या कायद्याचे कलम ५ सांगते की कायम जागेवरची नेमणूक दोन वर्षांच्या परिवीक्षेवर होईल, आणि ती मुदत पूर्ण झाली की कर्मचारी कायम झाल्याचे मानले जाईल. इथे व्यवस्थापनाच्या गप्प बसण्याचा फायदा शिक्षकाला मिळतो, सरकारी नोकरीच्या नेमका उलट. काम किंवा वागणूक समाधानकारक नसेल तर मुदतीच्या आतच एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन काढता येते, आणि त्याविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात दाद मागण्याची सोय आहे. २००० नंतर शिक्षण सेवक योजना आली आणि नव्या शिक्षकाची परिवीक्षा तीन वर्षांची, तीही पगाराऐवजी मानधनावर झाली. सुरुवातीला प्राथमिक शिक्षण सेवकाला महिना ३,००० रुपये मिळत. २०२३ मध्ये ही रक्कम १६,००० झाली, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,०००. पारखून घेण्याच्या काळात पगार थोडा कमी असणे समजू शकते. पण त्याच वर्गात तेवढेच तास शिकवणाऱ्याला सहकाऱ्याच्या पगाराचा एक तुकडा द्यायचा, हे परिवीक्षेच्या नावाखालचे पैसे वाचवणेच ठरते.

विद्यार्थ्याची परिवीक्षा भारतात या नावाने कमीच आढळते. शिस्तीच्या बाबतीत शाळा पालकांना बोलावून हमीपत्र लिहून घेतात, कॉलेज समज देते. पण त्या हमीपत्राला मुदत नसते आणि मुलाशी नियमाने बोलणारा कोणी नेमलेला नसतो, त्यामुळे ते फायलीत पडून राहते. अभ्यासात मराठी मुलांच्या रोजच्या ओळखीची व्यवस्था म्हणजे एटीकेटी. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू द्यायचे आणि राहिलेले विषय मागाहून सोडवायचे. मुदत आणि अट दोन्ही आहेत, पण देखरेख नाही. कानपूरच्या आयआयटीसारख्या संस्थांत मात्र ‘अकॅडेमिक प्रोबेशन’ नावानेच असते. गुण घसरलेल्या विद्यार्थ्याला पुढच्या सत्रात ठरावीक कामगिरीच्या लेखी अटी घातल्या जातात, आणि त्या पाळल्या नाहीत तर नाव कमी होण्यापर्यंत वेळ येते.

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांच्या घरी हा शब्द अचानक फोनवरून येऊन धडकतो. तिथल्या बहुतेक विद्यापीठांत पदवीच्या विद्यार्थ्याची सरासरी चारपैकी २.० च्या खाली आली, किंवा पदव्युत्तर विद्यार्थ्याची ३.० च्या खाली, की त्याला प्रोबेशनवर ठेवले जाते. सल्लागार प्राध्यापकाला भेटणे, कमी विषय घेणे, शिकवणी केंद्रात जाणे अशा अटी येतात, आणि सरासरी सावरली की प्रोबेशन उठते. प्रोबेशनचा अर्थ व्हिसा गेला असा होत नाही. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याने पूर्णवेळ नोंदणी टिकवली तर त्याचा दर्जा कायम राहतो. मात्र विषय कमी करण्याचा सल्ला पूर्णवेळाच्या मर्यादेखाली नेत असेल तर आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि प्रोबेशनच्या पुढची पायरी, म्हणजे निलंबन, आली तर विद्यापीठाला ती सरकारी नोंदप्रणालीत कळवावी लागते.